तीन वाजून सतरा मिनिटांची घरघर

वैजयंता सातपुतेचा स्टुडिओ म्हणजे तिच्या आईचं शिसवी कपाट. मधल्या फळ्या काढलेल्या, बसायला तेलाचा डबा उपडा घातलेला, आणि तिन्ही बाजूंना मागावरचं वाया गेलेलं सूत ठासून भरलेली पोती. माइकच्या तोंडावर भाच्याचा मोजा. धुतलेला, असं ती प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगायची. दार ओढून घेतलं की आत उकाड्यानं जीव जायची वेळ यायची, पण आवाज घुमायचा नाही, आणि घुमत नाही म्हटल्यावर वैजयंताला बाकी कशाची पर्वा नव्हती.

पाहुण्याला तिच्याकडे येणं जमत नसलं तर ती मोबाइल घेऊन त्याच्या घरी जायची. या मोबाइलचीही एक तऱ्हा होती. त्याची बॅटरी केव्हाच वारली होती. चार्जर भिंतीत खोचलेला असेल तोवर तो जिवंत, काढला की आडवा. त्यामुळं कुणाच्याही घरात शिरली की ती म्हणायची, "पाणी नको, चहा नको, आधी बोर्ड कुठं हाय दाखवा." इचलकरंजीत हे वाक्य एव्हाना लोक एकमेकांना चिडवायला वापरत होते.

वीस वर्षं तिनं कांड्या भरल्या. यंत्रमागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती भरणाऱ्या बायका दिवसभर एका रांगेत बसतात, आणि रांगेत बसलेल्या बायका गप्प राहतील हे देवाला तरी पटेल का? त्या गप्पा वाया जाऊ नयेत म्हणून तिनं पॉडकास्ट सुरू केला, 'कांडीकट्टा'. एका गुरुवाराआड एक भाग. कापाकापीचं ॲप दरमहा पैसे मागायचं, म्हणून पहिल्या भागापासून तिनं काहीच कापलं नाही. खोकला, कुकरची शिट्टी, शेजारणीचं "साखर हाय का गं?", सगळं जसंच्या तसं. पुढं लोकांनाच त्याची गोडी लागली, आणि नाइलाजाचं तत्त्व झालं. कांडीकट्ट्याला कात्री नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली आवाजाला माणूस लागतो कुठे? खरंय. तोवर अशी वेळ आली होती की कुणाचंही तीन मिनिटांचं बोलणं यंत्राला ऐकवलं, की यंत्र त्या माणसाच्या आवाजात हवं ते बोलून दाखवायचं. मेलेली माणसं जाहिराती करायची. जिवंत माणसं न घेतलेल्या शपथा मोडायची. शेवटी लोकांचा कानांवरचा विश्वासच उडाला, आणि नेमक्या त्या वेळी 'निखळ' नावाची कंपनी उगवली. तिचं यंत्र ध्वनिमुद्रण तपासायचं आणि खरं वाटलं तर त्यावर मोहोर उमटवायचं. पॉडकास्ट ऐकवणाऱ्या मोठमोठ्या मंचांनी वर झळकायला मोहोर सक्तीची केली. अट एकच होती. गोंगाटात बनावटीचे सांधे लपतात, म्हणून आवाज आधी निखळच्या यंत्रातून धुऊन काढायचा, मग तपासायचा. धुलाई फुकट नव्हती. वैजयंतानं तसेच, न धुता, भाग पाठवले. उत्तर दरवेळी एकच: 'पार्श्वभूमीत सतत घरघर. अपात्र.'

वैजयंतानं कान लावून लावून ऐकलं. तिला कसलीच घरघर ऐकू येईना. येणार कशी? मागाच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या कानाला ती हवेसारखी असते. असल्याचं कळत नाही, बंद पडली तरच जीव घाबरतो.

मोहोर नसली तरी तिचे भाग मंचाच्या एका कोपऱ्यात पडून असायचे. शिवाय ती ते मेमरी कार्डांवर घालून चौकातल्या चहाच्या टपरीवर ठेवायची. मागवाले कार्ड न्यायचे, ऐकायचे, परत आणून ठेवायचे. एकशे बाराव्या भागापर्यंत असं ठीक चाललं.

*

एकशे बारावा भाग भूपालअण्णांचा होता.

भूपालअण्णा मगदूम तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे मागांचे डॉक्टर. नुसता आवाज ऐकून शेडच्या दारातनं सांगायचे, सहा नंबरचा पट्टा ढिला झालाय. उतारवयात ते हिरण्य सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलरवर लागले, आणि चार महिन्यांपूर्वी तो बॉयलर फुटला. दोन पोरं जागीच गेली. अण्णा छातीपर्यंत भाजले. मालक दुसऱ्याच दिवशी म्हणाले, चूक भूपालची, त्यानंच व्हॉल्व्ह बंद ठेवला.

अण्णांना दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी वैजयंताला बोलावणं धाडलं. भर दुपारची वेळ. घराच्या मागच्या भिंतीला लागून आठ मागांची शेड, खडाखड चाललेली. वैजयंतानं आधी बोर्ड शोधला, चार्जर खोचला, मोबाइल अण्णांच्या उशाशी ठेवला. पद्मावतीवहिनी पायथ्याशी बसून वारा घालत होत्या.

"व्हॉल्व्हला तार बांधली हुती, वैजू," अण्णा सांगत होते. "वाफ जास्ती झाली तर त्यानं आपोआप उघडायचं असतंय. वाफ वाया जाती म्हणून तार बांधली. मी तीनदा सांगितलं, तार काढा. तर मालक म्हणाले... थांब."

वैजयंता थांबली. अण्णांनी भाजलेला हात जरासा उचलला.

"माग बसले बघ."

"कुठं बसलेत अण्णा? चालू हायत की."

"न्हाई, न्हाई. बसले. लाइट ढिली झाली." ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग श्वास सोडला. "हां. आलं. काय म्हणत हुतो?"

"मालक म्हणाले."

"मालक म्हणाले, ऑर्डर जाऊ दे, मग काढू."

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास भाग टपरीवर गेला. वैजयंताच्या मनात आलं होतं, ते मधलं 'माग बसले' तेवढं काढावं. बिचाऱ्यांना भास झाला असेल, लोक हसतील. पण कात्री नाही म्हणजे नाही. आठ दिवसांनी अण्णा गेले.

*

भाग गावभर झाला आणि मग मंचावरून नाहीसा झाला. 'मोहोर नसलेला, वादग्रस्त आवाज.' आणि एका सकाळी वैजयंताच्या दारात निखळचे तपासनीस राजाध्यक्ष उभे राहिले. कडक इस्त्रीचा शर्ट आणि फार गोड भाषा.

"मॅडम, तुमचं काम मी ऐकलंय. अस्सल आहे. फक्त ध्वनी अस्वच्छ आहे. तुम्ही एकशे बारा भागांच्या मूळ फाइली आम्हाला द्या. आम्ही त्या धुऊन, मोहोर लावून परत देतो. एक रुपया घेणार नाही. शिवाय एक छोटा स्टुडिओसुद्धा."

"आणि मूळ फाइली?"

"त्या नियमानुसार नष्ट होतात. दोन प्रती असल्या की गोंधळ होतो."

वैजयंताला मोह झाला नाही असं कोण म्हणेल? पाच वर्षं कपाटात घामानं भिजलेली बाई ती. आणि बॉयलर फुटल्याच्या सरकारी चौकशीला महिनाच उरला होता, मोहोर असती तर त्यांचा शब्द ऐकला गेला असता. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले आणि पद्मावतीवहिनींकडे गेली. वहिनी ऐकून म्हणाल्या, "दे की गं. यांचा आवाज एकदा स्वच्छ ऐकू दे मला. त्या मागांच्या खडाखडीत निम्मं समजत न्हाई."

वैजयंता द्यायलाच निघाली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच तिच्या दारात आल्या. हातातला मोबाइल त्यांनी पुढं केला.

"ऐक."

अण्णांचा आवाज होता. काचेसारखा स्वच्छ. 'मी भूपाल मगदूम. मालकांचा यात काही दोष नाही. व्हॉल्व्ह मीच बंद ठेवला. माझी चूक झाली.' शेवटी निखळच्या मोहोरेची बारीक टिंग. हिरण्यच्या मालकांनी पाठवलं होतं. भूपालनं मरायच्या आठवडाभर आधी फोनवर कबुली दिली होती म्हणे.

"वहिनी, हे खोटं हाय."

"आवाज यांचाच हाय."

"आवाज हाय, अण्णा न्हाईत. मी तुमच्यासमोर रेकॉर्डिंग केलंय. तुम्ही वारा घालत हुता!"

"त्या दिवशी मी कुठं शुद्धीवर हुते, वैजू? चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता." वहिनी भिंतीला टेकल्या. "तुझ्याकडं एक आवाज, त्यांच्याकडं एक. दोन्ही यांचेच. तुझ्यावर मोहोर न्हाई, त्यांच्यावर हाय. दोन पोरांच्या आया माझ्या दारावरनं मान फिरवून जातात. मी कुणाला काय सांगू? खरं सांग, तू पॉडकास्टसाठी कायतरी जोडलंस का?"

एवढी वर्षं कुणी वैजयंताला आगाऊ म्हटलं होतं, रिकामटेकडी म्हटलं होतं. खोटी कुणी म्हटलं नव्हतं. वहिनी गेल्यावर ती कपाटात जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि पोत्यात तोंड खुपसून रडली. मग तोंड धुऊन तिनं राजाध्यक्षांना फोन केला.

"तुमच्या यंत्रानं त्या कबुलीवर मोहोर लावली?"

"आवाज शुद्ध होता, मॅडम. यंत्र शुद्धता बघतं."

"मग माझा आवाज अशुद्धच राहू दे," ती म्हणाली. "एक फाइल मिळायची न्हाई. स्टुडिओ तुमच्याजवळच ठेवा, उकाड्याची सवय हाय मला."

*

त्या आठवड्यात तिनं एकशे तेराव्या भागाऐवजी दोन मिनिटांचं निवेदन कार्डावर घातलं. अण्णांचं बोलणं खरं आहे, ते सिद्ध करायचा मार्ग कुणाला माहीत असेल तर या, एवढंच. तिसऱ्या दिवशी एक तिशीतली मुलगी आली. नसरीन मुजावर, गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. ड्यूटीवर कांडीकट्टा ऐकायची.

"मावशी, मूळ फाइल द्या. न धुतलेली. आणि तुमचा तो चार्जर कुठाय?"

"चार्जर कशाला?"

"तोच तर साक्षीदार हाय."

नसरीननं लॅपटॉप उघडला आणि एरवी कुणी समजावून सांगितलं नसतं ते समजावून सांगितलं.

घरातली वीज सरळ वाहत नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं झुलते. देशातली सगळी वीजकेंद्रं एकाच जाळ्यात बांधलेली, त्यामुळं इचलकरंजीतला माग आणि कानपुरातला पंखा एकाच तालावर झुलतात. पण ताल बरोब्बर पन्नास कधीच नसतो. कुठं लाखो पंप एकदम चालू झाले की तो किंचित मंदावतो, मागणी घटली की किंचित चढतो. एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव, पन्नास पूर्णांक शून्य दोन, असा क्षणाक्षणाला हलत राहतो. हे हलणं एका क्षणी देशभर एकच असतं, आणि लांबलचक बघितलं तर दोन वेळा सारखं येत नाही.

"जणू देशाची नाडी," वैजयंता म्हणाली.

"तशीच. आणि ती नाडी उपकेंद्रात सेकंदासेकंदाला नोंदवली जाते. आता तुमचा मोबाइल भिंतीला जोडलेला. चार्जर स्वस्तातला, त्यात गाळणी न्हाई. त्यामुळं विजेची बारीक घरघर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ती घरघर वेगळी काढली, की बोलणं कुठल्या दिवशी, कुठल्या मिनिटाला झालं ते कळतं. मधे काही कापलं, जोडलं, तर नाडी तिथं तुटलेली दिसते."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक उपकेंद्राची, एक एकशे बाराव्या भागाची. नसरीननं एक उचलून दुसरीवर ठेवली. दोनाची एकच रेघ झाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"आणि ती कबुली?" वैजयंतानं विचारलं.

"तिच्यात रेघच न्हाई. धुऊन काढलीय. ती आज बोलली गेली, की दहा वर्षांपूर्वी, की कधीच न्हाई, कुणी सांगू शकत न्हाई. मावशी, निखळवाले जी घाण म्हणून धुतात ना, तीच जन्मतारीख असते."

वैजयंतानं तो मळकट चार्जर उचलून हातात घेतला. गरिबीची खूण म्हणून पाच वर्षं ज्याची मनातून लाज वाटत आली ते हे, असं तिला वाटलं, आणि तिला संताप आला.

*

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. चौकशी अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला हिरण्यचे मालक, त्यांचे वकील आणि राजाध्यक्ष. दुसऱ्या बाजूला वैजयंता, नसरीन, आणि मागच्या बाकावर, कुणाच्याच जवळ न बसता, पद्मावतीवहिनी.

नसरीननं दोन्ही रेघा दाखवल्या. राजाध्यक्ष शांतपणे उठले.

"घरघर हा पुरावा नव्हे, बाईसाहेब. उपकेंद्राची नोंद याच मुलीच्या हाताखाली असते, आणि ती या पॉडकास्टची श्रोती आहे. बनावट आवाजाखाली हवी ती घरघर चिकटवणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्या दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी जाळ्यात मोठी घसरण झाली होती, तीसुद्धा यात बरोब्बर आहे. फारच बरोब्बर."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. नसरीनचा चेहरा पडला. वैजयंता मात्र एकदम ताठ झाली.

"कसली घसरण?"

"तुम्ही नंतर बोला," वकील म्हणाले.

"नंतर कशाला? आता बोलते. नसरीन, कसली घसरण?"

"लांब कुठंतरी एक मोठा वीजसंच अचानक बंद पडला हुता, मावशी. ताल एकोणपन्नास पूर्णांक चारपर्यंत उतरला. पाऊण मिनिटानं सावरला."

"ताल उतरला की मागाचं काय होतंय?"

"मोटार त्या तालावरच फिरते. माग मंदावणार. मिनिटाला दोनेक ठोके. कुणाला कळायचं न्हाई."

"आमच्या भागात ती घसरण कितव्या मिनिटाला हाय?"

नसरीननं पडद्यावर बोट फिरवलं. "बाविसाव्या."

"बसून घ्या, बाई," वकील ओरडले. "तुम्ही तज्ज्ञ नाही!"

"न्हाईच मुळी," वैजयंता म्हणाली. "तज्ज्ञ वारले. त्यांनाच बोलू द्या." आणि कुणी अडवायच्या आत ती सभागृहाच्या भिंतीपाशी गेली, बोर्ड शोधला, चार्जर खोचला आणि मोबाइलचा आवाज पुरता सोडला.

खडाखड, खडाखड. आठ माग. त्यांच्यावरून अण्णांचा थकलेला आवाज. 'मी तीनदा सांगितलं, तार काढा. तर मालक म्हणाले... थांब. माग बसले बघ.' मग वैजयंताचा स्वतःचा आवाज, 'कुठं बसलेत अण्णा? चालू हायत की.' 'न्हाई, न्हाई. बसले. लाइट ढिली झाली.' नुसते माग. श्वास. 'हां. आलं. काय म्हणत हुतो?'

नसरीन पडद्याकडे बघत होती. अण्णांचं 'थांब' आलं तेव्हा रेघ खाली गेली होती. 'आलं' म्हणाले तेव्हा वर आली होती.

"घरघर चिकटवता येत असेल," वैजयंता म्हणाली. "पण मी हे बोलणं त्याच संध्याकाळी सहाला टपरीवर ठेवलंय, चाळीस जणांनी कार्ड नेलंय. ती कार्डं अजून गावात हायत, मागवून घ्या. बाईसाहेब, इतके दिवस मला वाटत हुतं अण्णांना भास झाला. मला लाज वाटली हुती त्याची! तीन तासांत कुठला बनावटवाला हे शिकणार, की आठ मागांचे दोन ठोके कमी झाले तर भूपाल मगदूम मरणाच्या दारातबी वाक्य अर्धं सोडतोय? तुमच्या धुतलेल्या भूपालला विचारा, त्यानं कुठला माग ऐकला."

राजाध्यक्ष काही बोलायला उठले. पण मागून आवाज आला, आणि सगळ्यांनी माना वळवल्या.

"जेवतानाबी असंच करायचे," पद्मावतीवहिनी उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडाशी. "घास हातात धरून म्हणायचे, थांब, लाइट ढिली झाली. चाळीस वर्षं. मी चिडायची, जेवा की आधी, म्हणून." त्यांनी पदर खाली घेतला आणि सरळ हिरण्यच्या मालकांकडे बघितलं. "हे आमचं माणूस हाय. तुमच्या त्या मोबाइलमधलं आमचं न्हाई. त्याला घरी न्या."

चौकशी अधिकारी बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कार्डं जमा करा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि ते मघाचं पुन्हा लावा. बाविसावं मिनिट."

*

अहवालाला दोन महिने लागले. भूपाल मगदूम निर्दोष, व्हॉल्व्हला तार बांधल्याची जबाबदारी मालकांची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. वेळ लागला, एवढंच. त्या दोन पोरांच्या आया वहिनींच्या दारात आल्या आणि तिघी मिळून खूप वेळ रडल्या.

निखळचंही पत्र आलं. कंपनीनं नियमात बदल केला होता. कांडीकट्ट्याला आता मोहोर देता येईल, फक्त ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी घरघर थोडी कमी करावी. वैजयंतानं ते पत्र माइकखाली घडी करून घातलं. माइक जरा डुगडुगत होता, तो नीट बसला. गावातल्या पाचसहा पोरीबाळींनी तोवर आपापले पॉडकास्ट काढले होते, आणि त्या वैजयंताला विचारत यायच्या, 'मावशी, तसला चार्जर कुठं मिळतो?'

चौकशीपायी अडून राहिलेल्या एकशे तेराव्या भागाची पाहुणी ठरली होती. गुरुवारी सकाळी पद्मावतीवहिनी इरकली नेसून आल्या, कपाटाकडे बघून हसल्या, आणि अंग चोरून तेलाच्या डब्यावर बसल्या. सुताच्या पोत्यांवरून त्यांनी हात फिरवला.

"काय बोलू?"

"अण्णांबद्दल. जेवायला बसायचे तिथनं सुरू करा."

वहिनींनी घसा खाकरला आणि मग एकदम काळजीनं विचारलं, "वैजू, आवाज स्वच्छ येईल न्हवं?"

वैजयंतानं चार्जर भिंतीत खोचला. शेजारच्या शेडमध्ये माग सुरू झाले होते.

"न्हाई येणार, वहिनी," ती म्हणाली. "बोला."